घरात एक तरी वस्तू बोथट हवी

आमच्या घरात मिठापेक्षा चिकटपट्टी जास्त खपते. बोटाला लावायची चिकटपट्टी. कारण आमच्या घरात प्रत्येक वस्तू कापते. सुरी कापते, कात्री कापते, यात नवल नाही. आमच्याकडे उलथनं कापतं, केराची सुपली कापते, आणि बूट घालताना टाचेमागे सरकवायची पत्र्याची पट्टी असते ना, तीही कापते. माझ्या नवऱ्याने एकदा घाईत बूट घातला आणि मोजा लाल झाला. तेव्हापासून तो चपला घालून दुकानात जातो.

हे सगळं माझ्या सासऱ्यांचं काम. अख्खी गल्ली त्यांना वस्ताद म्हणते. सलूनच्या खुर्चीमागे उभं राहून त्यांनी हयात काढली. त्यांच्या वस्तऱ्याची धार अशी, की गिऱ्हाईक विचारायचं, "वस्ताद, सुरू कधी करताय?" आणि वस्ताद म्हणायचे, "झाली की." हा किस्सा त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलाय, की शिलाई मशीनवर मान खाली घालूनही मी नेमक्या जागी हसते.

गेल्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. फार नाही. मी घरी शिवणकाम करते, तेव्हा माझ्या भाषेत सांगायचं तर मशीन हळू चालवलं की सुई हलते तेवढाच. पण तेवढ्याने वस्तरा बँकेतल्या एका साहेबांच्या कानाखाली लागला. रक्त थेंबभर आलं. साहेबांनी मात्र दुकान डोक्यावर घेतलं, आणि त्याच संध्याकाळी शेजारच्या खुर्चीमागे काम करणारा माझा नवरा वडिलांना म्हणाला, "बाबा, खूप केलंत. आता आराम करा." माझा नवरा वाईट नाही. घाबरट आहे, आणि घाबरट माणसं फार गोड बोलतात.

आराम कसा करायचा हे वस्तादांना कोणी शिकवलं नव्हतं. ते घरी बसले, म्हणजे मागच्या अंगणात धारेचा दगड घेऊन बसले. दगडावर दोन्ही हातांनी दाबून घासलं की हात थरथरत नाही, त्यामुळे दिवसभर खस्स खस्स चालू. पाव कापायची दातेरी सुरी हाती लागली तेव्हा ते कळवळले. "अरेरे, हिची धार कोणी कुरतडली?" त्यांनी सगळे दाते घासून सपाट केले आणि तिला अशी काही धार लावली, की दुसऱ्या दिवशी पावाबरोबर पावाखालची फळीही कापली गेली. माझी शिवणाची मोठी कात्री तेवढी त्यांनी झकास करून दिली, ते मात्र मान्य करायला हवं. बाकी सगळा ताप.

सासूबाईंनी यावर एक उपाय शोधला होता. पिठाच्या डब्यात, अगदी तळाशी, त्यांनी एक बोथट सुरी लपवून ठेवली होती. वस्ताद अंगणात गेले की सुरी बाहेर यायची, बटाटे सोलले जायचे, आणि त्यांची चाहूल लागली की परत पिठात. "घरात एक तरी वस्तू बोथट हवी गं," सासूबाई मला म्हणाल्या होत्या, "नाहीतर माणसाने धरायचं काय?" हे गुपित आम्हा दोघींचं. आमच्या भाकऱ्यांना लोखंडाचा वास का येतो, हे घरातल्या पुरुषांना तेव्हा कळलेलं नव्हतं.

आता लाकडाकडे येते.

थंडी तोंडावर आली असताना एका वादळात आमच्या घरामागचं मोठं झाड पडलं. रस्ते साफ करणारी माणसं यंत्राची करवत घेऊन आली, फांद्या गाडीत घालून घेऊन गेली आणि खोडाचे गोल गोल ओंडके करून आमच्या अंगणात लोटून दिले. "तुमच्या जळणाची सोय झाली," त्यातला एक जण म्हणाला, आणि सोय करून निघून गेला. एकेक ओंडका असा, की त्यावर मी मांडी घालून बसले असते. आमच्या बाहेरच्या खोलीत लोखंडी शेगडी आहे, तिचं धुराडं छपरातून वर जातं. सासूबाईंचे गुडघे आखडतात, म्हणून थंडीत ती सतत पेटती लागते. पण शेगडीचं तोंड माझ्या दोन तळहातांएवढं. त्यात ओंडका जाणार कसा? आजवर आम्ही वखारीतून फोडलेलं जळण आणत होतो.

"माणूस बोलावू," जेवताना नवरा म्हणाला. "एका दिवसात फोडून देईल."

"माणूस?" वस्तादांचा घास हातातच राहिला. "घरात मी कोण आहे? भांडं?"

"तसं नाही बाबा. तुमचा हात..."

हात हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नसे. नवऱ्याच्या तोंडून तो निसटला आणि तो घाईघाईने पाणी प्यायला. वस्तादांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "सगळे ओंडके मी फोडून दाखवतो. एकट्याने. मग तू मला खुर्ची परत द्यायचीस."

खुर्ची म्हणजे दुकानातली मधली खुर्ची. तिच्या मागे ते उभे राहायचे. आता तिच्यावर टॉवेल वाळत घालतात.

नवरा हसला. म्हातारा पहिल्या ओंडक्यालाच दमेल, असा त्याचा हिशोब मला स्पष्ट दिसत होता. "द्या फोडून," तो म्हणाला, "खुर्ची तुमची."

"सूनबाई, ऐकलंस ना?"

"ऐकलं, बाबा."

"आणि तू?" त्यांनी सासूबाईंना विचारलं.

"मी गुडघ्याने म्हातारी झालेय," सासूबाई म्हणाल्या, "कानाने नाही."

घरात एक कुऱ्हाड होती. कुंपणाच्या फांद्या छाटायची, पातळ पात्याची, हलकी. वस्तादांनी सकाळी उठून पहिलं काम कोणतं केलं असेल? तिला धार लावली. चहा निवून गेला. मी मशीनवर बसले होते, माझी खिडकी अंगणातच उघडते. जेव्हा त्यांनी त्या कुऱ्हाडीने स्वतःच्या डाव्या हातावरचे केस साफ उतरवले आणि तो गुळगुळीत हात मला खिडकीतून दाखवला, तेव्हाच मला कळायला हवं होतं की आज शिवण काही होणार नाही.

त्यांनी ओंडका उभा केला. पाय रोवले. कुऱ्हाड डोक्यावर घेतली आणि घातली. कुऱ्हाड लाकडात बोटभर खोल शिरली आणि तिथेच राहिली. ओंडका जसाच्या तसा.

"बघितलंस?" ते आनंदाने ओरडले. "कशी शिरली!"

"शिरली खरी. पण बाबा, फुटला कुठे?"

"फुटेल. धार आहे."

मग ती कुऱ्हाड काढायला लागले. ती निघेना. त्यांनी ओंडक्यावर पाय देऊन ओढली, ओंडका पायासकट उचलला गेला. त्यांनी दांडा डावीकडे हलवला, उजवीकडे हलवला, कुऱ्हाडीला चार शब्द सुनावले. शेवटी मी बाहेर गेले. ते ओंडक्यावर बसले आणि मी दांडा ओढला. कुऱ्हाड सुटली तेव्हा मी दाण्‌कन अंगणात बसले आणि ते ओंडक्यावरून मागच्या मागे गेले. एकमेकांकडे बघायला आम्हाला दोघांनाही लाज वाटली.

त्यांनी काय करावं? त्यांनी कुऱ्हाडीला आणखी धार लावली.

मी वाद घालायला हवा होता. पण माझ्या सासऱ्यांच्या जगात कुठलीही अडचण एकाच कारणाने येते, धार कमी पडल्याने. गिऱ्हाइकाला आग झाली, धार कमी. दाढी राहिली, धार कमी. मग लाकूड फुटत नसेल तर दुसरं काय असणार? दुपारपर्यंत कुऱ्हाडीचं पातं निम्मं झिजलं होतं. प्रत्येक वेळी ती पहिल्यापेक्षा खोल शिरायची आणि पहिल्यापेक्षा घट्ट बसायची. संध्याकाळी ती अशी रुतली, की आम्ही दोघांनी तिच्यापुढे हात टेकले आणि तिला तिथेच सोडून आत आलो.

दुसऱ्या दिवशी शेजारचे ड्रायव्हरकाका कुंपणापाशी आले. त्यांनी आयुष्यभर ट्रक चालवला आणि प्रत्येक गोष्टीत ते वाहनाचाच विचार करतात. "वस्ताद, ही तुमची सायकल झाली. ह्या कामाला ट्रक हवा," ते म्हणाले आणि आपली कुऱ्हाड घेऊन आले. दांडा लांब, डोकं जड, पातं मागे जाऊन बऱ्यापैकी जाड झालेलं. वस्तादांनी ती हातात घेतली आणि पात्यावर अंगठा फिरवला. एखाद्याच्या घाणेरड्या घरात पाऊल टाकल्यावर नाकाला रुमाल लावावा, तसा त्यांचा चेहरा झाला.

"हिला कधी धार लावली होती?"

"लावली नाही कधी."

"कधीच?"

"वस्ताद, ती अशीच ठेवा. तिला हात लावू नका."

"छे, छे," वस्ताद म्हणाले.

ड्रायव्हरकाका बाजारात गेले. ते दृष्टीआड होताच अंगणातून खस्स खस्स ऐकू आलं. मी खिडकीतून ओरडले, "बाबा, काका नको म्हणाले होते!" तर म्हणतात, "दुसऱ्याची वस्तू वापरली की धार लावून परत करायची. माणुसकी आहे का नाही?" ते माणुसकीने तासन्‌तास घासत राहिले. दोन्ही बाजूंचा जाडपणा त्यांनी उतरवला. कुऱ्हाड इतकी देखणी झाली, की तिच्यात मला माझा वैतागलेला चेहरा दिसत होता.

मग त्यांनी ती उचलली आणि दुसऱ्या ओंडक्यात घातली. आदल्या दिवशीची हलकी होती, ही जड. त्यामुळे ही जवळजवळ डोक्यापर्यंत आत गेली. दोन ओंडके आणि त्यांत रुतलेल्या दोन कुऱ्हाडी, दांडे आकाशाकडे.

ड्रायव्हरकाका परतले, त्यांनी दांडा ओळखला आणि कुंपण ओलांडून आले. ओणवे होऊन त्यांनी आपल्या कुऱ्हाडीच्या पात्याचं जेवढं दिसत होतं तेवढं पाहिलं. "वस्ताद," ते अगदी हळू म्हणाले, "हिचे गाल कुठे गेले?"

"ढब्बी झाली होती. जरा सडपातळ केली."

"ती ढब्बीच हवी होती!" काका असे कडाडले की गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. "तुम्ही माझ्या कुऱ्हाडीचा वस्तरा केलात!"

वस्तादांचा चेहरा पडला. तरी आयुष्यभराची सवय, ते म्हणाले, "रागवू नका. उद्यापासून महिनाभर तुमची दाढी माझ्याकडून. फुकट."

काकांचा हात नकळत आपल्या गळ्याकडे गेला. "नको, नको," ते एक पाऊल मागे सरकले. "राहू द्या. कुऱ्हाडीचं काही नाही. राहू द्या." आणि आले तसे कुंपण ओलांडून गेले.

काका कुऱ्हाडीसाठी ओरडले ते एक वेळ चाललं असतं. पण तो गळ्याकडे गेलेला हात वस्तादांनी पाहिला होता, आणि त्यांनी पाहिला हे मी पाहिलं. मला एकदम भरून आलं, आणि भरून आलं की मला राग येतो, म्हणून मी खिडकी आपटून बंद केली.

संध्याकाळी नवरा दुकानातून आला. अंगणातले दोन दांडे बघून त्याने ओठ घट्ट मिटून घेतले, हसू नये म्हणून. माझ्याकडे बघून त्याला कळलं, की हसला तर जेवण मिळणार नाही. "बाबा," तो गोड आवाजात म्हणाला, "उद्या माणूस बोलावतो हं."

शेगडीपाशी बसून वस्तादांनी उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला होता. शेगडी थंड होती. सासूबाई दुसऱ्या बाजूला गुडघ्यांवर शाल घेऊन बसल्या होत्या. त्या बराच वेळ त्या दाबलेल्या हाताकडे बघत होत्या. मग मुलाला म्हणाल्या, "उद्याचा दिवस थांब. माणूस परवा बोलाव."

सकाळी नवरा दुकानात गेल्यावर सासूबाईंनी मला आत बोलावलं आणि आपली जुनी ट्रंक उघडायला लावली. ही ट्रंक आमच्या घरातली दंतकथा होती. घर बदललं तेव्हा हमाल तिच्यावरून भांडले होते. वस्ताद म्हणायचे, हिच्या माहेरची रजई आहे, शिशाची. मी ती रजई उचलली आणि तिच्या खाली हात घातला, तर खरंच काहीतरी शिशासारखं जड हाताला लागलं. चिंध्यांत गुंडाळलेली एक कुऱ्हाड. पण कुऱ्हाड तरी कसली? पाचरीला दांडा लावावा तशी. पुढे बोथट, मागे माझ्या मनगटाहून जाड.

"हे काय, आई?"

"माझ्या वडिलांची. वखारीत लाकडं फोडायचे ते. सासरी गारठा आहे म्हणून लग्नात दिली." त्यांनी आवाज खाली आणला. "आणि आल्या आल्या मी ह्यांचा दगड बघितला. तेव्हाच ठरवलं, ही काही ह्या माणसाच्या नजरेला पडता कामा नये."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही..."

"सुरी पिठात मावते. ही नसती मावली."

सासूबाई काठी टेकत अंगणात आल्या. मी मागून ते लोखंड दोन्ही हातांनी धरून. वस्ताद रुतलेल्या कुऱ्हाडीला तेल पाजत होते. त्यांनी वर बघितलं, आणि त्यांची बोटं आपोआप दगडाकडे गेली.

"आधी दगड," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"दगड सूनबाईकडे द्या. तो ट्रंकेत जाईल, मग ही तुम्हाला मिळेल."

"अगं, पण हिला धार..."

"नाही. लावायची नाही. आज नाही, कधीच नाही. कबूल असेल तर बोला, नाहीतर मी परत रजई पांघरते हिला."

एवढा वेळ विचार करणारा माणूस मी माझं लग्न ठरतानाही पाहिला नव्हता. शेवटी त्यांनी दगड माझ्या हातात ठेवला, अगदी जपून, जसं काही मी तो पाडणारच होते. मी तो ट्रंकेत ठेवून किल्ली सासूबाईंना दिली. वस्तादांनी कुऱ्हाड घेतली, अंगठा फिरवला आणि डोळे मिटले. "हिने लोणी कापलं जाणार नाही."

"लोणी नाही कापायचं. लाकूड फोडायचंय." मी सासूबाईंना खुर्ची आणून दिली, त्या बसल्या. "धार आत शिरते आणि अडकून बसते. जाड असलं की लाकूडच बाजूला सरकतं. मधोमध नका मारू, कडेला ती चीर दिसते ना, तिच्यावर. आणि जोर लावू नका. उचला आणि सोडा. बाकी वजन बघून घेईल."

"तू इतकी वर्षं हे मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ऐकलं असतंत?"

वस्तादांनी कुऱ्हाड उचलली. वर गेल्यावर तिचा दांडा त्यांच्या हातात थरथरताना मला दिसला. मग त्यांनी ती सोडली. खाली येताना थरथर कुठे गेली कोण जाणे. ठप्प असा जाडा आवाज आला, आणि ओंडका दोन्हीकडे आडवा झाला. आतलं लाकूड पिवळंधमक, ताजा वास येणारं.

वस्ताद त्या दोन अर्ध्या तुकड्यांकडे बघत राहिले. कुऱ्हाडीकडे बघितलं. परत अंगठा फिरवला, की चुकून धार तर नाही ना आली. "बोथट आहे," ते स्वतःशीच म्हणाले. मग दुसरा ओंडका उभा केला.

त्या दिवशी आमच्या अंगणात ठप्प ठप्प ऐकायला गल्ली जमली. "गाठ सोडा, गाठीला बाजूने घ्या," खुर्चीतून हुकूम सुटत होते, आणि वस्ताद, ज्यांनी जन्मात कोणाचं ऐकलं नाही, ते "बरं, बरं" म्हणत होते. रुतलेल्या दोन्ही कुऱ्हाडी त्यांनी शेजारून लाकूड फोडून मोकळ्या केल्या. ड्रायव्हरकाकांनी आपली कुऱ्हाड नेताना तिच्याकडे बघून सुस्कारा टाकला. "आता फांद्या छाटायला बरी," ते म्हणाले. दमले की वस्ताद बसायचे, पाणी प्यायचे, उठायचे. मी मध्ये दोनदा सांगितलं की उरलेले उद्या करा. त्यांनी ऐकलं नाही. अंधार पडायच्या आत भिंतीला लागून माझ्या खांद्याएवढी रास लागली, आणि शेगडीत पहिलं लाकूड गेलं.

नवरा आला, त्याने रास पाहिली आणि पायातली चप्पल काढायची विसरला.

"खुर्ची," वस्ताद म्हणाले.

आता माझ्या नवऱ्याची गंमत संपली होती. जेवताना तो भाकरीचे नुसते तुकडे करत बसला. मी विचारलं तर म्हणाला, "अगं, कुऱ्हाडीने ओंडका फुटला म्हणून वस्तऱ्याने गळा वाचतो का?" त्याचं खोटं नव्हतं. पण शब्द दिला होता, आणि तो मोडला तर वस्ताद परत कधी अंगणातूनसुद्धा उठणार नाहीत, हेही त्याला कळत होतं. मला दोघांचंही पटत होतं, आणि हे फार वाईट असतं. एकाची बाजू घेता आली की निदान भांडता येतं.

सकाळी दुकान उघडायच्या वेळेला मीही गेले. म्हटलं काही झालंच तर चिकटपट्टी माझ्या पिशवीत असते. नवऱ्याने मधल्या खुर्चीवरचे टॉवेल काढले, खुर्ची पुसली आणि स्वतःच तिच्यात बसला. "पहिलं गिऱ्हाईक मी," तो म्हणाला. माझा घाबरट नवरा. त्या क्षणी तो मला इतका आवडला, की मी घाईने पिशवीत काहीतरी शोधायला लागले.

वस्तादांनी त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं. वाटीत साबण घेतला, ब्रश भिजवला आणि फेस करायला लागले. हात थरथरत होता, आणि ब्रश त्या थरथरीने वाटीत असा काही फिरत होता, की बघता बघता फेस काठावर चढला. दाट, पांढराशुभ्र, एकही बुडबुडा नाही. त्यांनी तो मुलाच्या गालांवर चढवला. मग आपला जुना वस्तरा उघडला.

वस्तऱ्यावर पडलेला उजेड समोरच्या आरशात हलत होता. मी तो हलता ठिपका बघत होते. वस्ताद ठिपक्याकडे बघत नव्हते. ते मुलाच्या डोळ्यांकडे बघत होते. त्याने ते मिटले होते, घट्ट, पापण्यांना सुरकुत्या पडतील इतके. वस्तादांनी मला खूप आधी सांगितलं होतं, की गिऱ्हाईक दोन तऱ्हांनी डोळे मिटतं, एक झोपेने आणि एक भीतीने, आणि फरक कळला नाही त्याने हा धंदा करू नये.

वस्तरा मुलाच्या गालापर्यंत गेला आणि तिथे थांबला. मग त्यांनी तो मिटला.

नवऱ्याने डोळे उघडले. "बाबा, करा ना. मी हलत नाही."

"तू नाही हलत रे," वस्ताद म्हणाले. "मी हलतो."

त्यांनी मिटलेला वस्तरा मुलाच्या हातात दिला. "ती कुऱ्हाड अशा हाताला चालते. तिचं वजन तिचं तीच सांभाळते. ह्याला वजनच नाही. ह्यात सगळा हातच असतो." ते बोलत होते ते अगदी साध्या आवाजात, जणू कुठल्यातरी दुसऱ्या माणसाबद्दल. मला रडू आवरेना, आणि मी ते आवरलंही नाही.

नवऱ्याने गालावरचा फेस बोटाने उचलला, चोळून बघितला. "पण बाबा, हा असा फेस मला एकदाही जमला नाही. किती वेळा घोटलाय."

"कसा जमेल?" वस्ताद म्हणाले. "तुझा हात स्थिर आहे."

आणि मग ते हसले. आधी ते, मग नवरा, तोंडावर फेस घेऊन. मी रडत रडत.

आता मधल्या खुर्चीमागे दोघं उभे असतात. बाबा फेस करतात, नवरा वस्तरा चालवतो. ड्रायव्हरकाका दोन दिवसांआड येतात. आधी लांबून खात्री करून घेतात, की वस्तरा कोणाकडे आहे. मग बसतात आणि फेस चढला की झोपतात. बँकेतले साहेब अजून आलेले नाहीत, पण वस्तरा कोणाकडे असतो, हे त्यांच्या भावाचं विचारून झालंय.

राहता राहिली सुरी. पहिल्याच दिवशी वस्ताद दुकानातून घरी आले तेव्हा सासूबाईंनी ती पिठातून काढली, पुसली आणि सरळ टेबलावर बटाट्यांशेजारी ठेवली. मी डोळे मोठे करून खूण केली, पण त्यांनी लक्ष दिलं नाही. वस्तादांनी सुरी उचलली. अंगठा फिरवला. त्यांचे हात शिवशिवताना मला दिसले, मान वळून ट्रंकेकडे गेली. किल्ली सासूबाईंच्या मुठीत होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि वस्तादांकडे सरकवली.

वस्तादांनी किल्ली घेतली नाही. ते शेगडीपाशी बसले, एक बटाटा घेतला आणि सोलायला लागले. हात थरथरत होता, साल जाडजूड निघत होती, बटाटा निम्मा झाला. सोलून झाल्यावर त्यांनी तो पाण्यात टाकला, बोटं उलटीसुलटी करून बघितली, आणि दुसरा घेतला. एकही बोट कापलं नव्हतं.